माजघराची दोन दारं

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुमाराला, दाजी होडीतून उतरून गंगारामाच्या झोपडीकडे चालत येताना दिसला आणि सुशीलेच्या हातातली भाताची पळी तिथल्या तिथे थांबली. थोरला दीर आपण होऊन आपल्या दारी येतो आहे, हे तिला खरंच वाटेना. दोन वर्षं झाली होती. अंगणातला फणस कोणाचा, यावरून भाऊ भाऊ जे तुटले ते घराच्या मधोमध भिंत घालूनच थांबले. फणस दोघांच्या मधेच राहिला. दरवर्षी तो धरायचा आणि दरवर्षी माकडं खायची. गावपळणीतसुद्धा दाजीनं आपलं बिऱ्हाड खाडीपलीकडच्या माळावर टाकलं होतं आणि गंगारामानं मुद्दाम उलट्या अंगाला, कट्टा गावाच्या रस्त्याकडच्या काजूंखाली.

खाजणवाडीत दर तीन वर्षांनी देव कौल देतो आणि गाव उठतो. तीन दिवस, तीन रात्री. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, झाडून सगळी शिवेच्या बाहेर. चुली विझवायच्या, घरांना कड्या घालायच्या आणि झावळांच्या झोपड्यांत जाऊन राहायचं. तेवढे दिवस गाव देवाचा. माणसानं शीव ओलांडून आत पाऊल टाकायचं नाही. का, ते कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर म्हातारे एवढंच सांगतात की बापजाद्यांनी कधी मोडलं नाही, तुम्ही कोण लागून गेलात?

दाजी गावच्या मानकऱ्यांपैकी. आगबोटीवर सुकाणू धरून पंचवीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त होताना कंपनीनं दिलेलं साखळीचं घड्याळ बंडीच्या खिशात असायचं आणि कुणाला त्याला हात लावू द्यायचा नाही. तो येऊन घोंगडीवर बसला. गंगारामानं गूळपाणी पुढे केलं. दोघांनी भाताचं विचारलं, काजूला मोहर कधी धरेल ते विचारलं, होडीचं विचारलं. गंगारामाची मुलगी नर्मदा झोपडीच्या कुडाशी उभी राहून ऐकत होती आणि मनातून हरखली होती. तिला वाटलं, चला, भिंत पडली. पोरगी वीस वर्षांची, नर्सिंगच्या कॉलेजात दोन वर्षं काढून आलेली, पण घरच्या माणसांच्या बाबतीत अजून भोळी ती भोळीच.

मग दाजीनं तोंड पुसलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला,

"मी सरळ सांगतंय. नर्मदेन आता परत जावचा नाय."

नर्मदेनं बापाकडे पाहिलं. गंगाराम चटईची काडी मोडत होता. तिनं आईकडे पाहिलं. सुशीलेनं भातावर झाकण ठेवलं, ते सरळ बसलेलं असूनही पुन्हा एकदा नीट केलं. तेव्हा तिला कळलं की हे तिघांनाही ठाऊक होतं.

कॉलेजचा फॉर्म तिच्या पेटीत होता. तिसऱ्या वर्षाला बसायचं तर पालकाची सही घेऊन पुढच्या सोमवारी हजर व्हायचं. प्रवेशाच्या वेळी गंगाराम जहाजावर होता म्हणून पालक म्हणून दाजीचं नाव लागलं होतं. तेव्हा भिंत नव्हती. आता दाजीनं सही दिली नाही तर दोन वर्षं पाण्यात.

आणि काय काढली होती ती दोन वर्षं! कोल्हापूरच्या पलीकडे एका उघड्या माळावर ते कॉलेज. दोन कौलारू इमारती, एक आड, रस्त्यापलीकडे इस्पितळ, आणि चारी वर्षांच्या मिळून अडतीस मुली. नर्सिंगशिवाय तिथे दुसरं काही शिकवत नसत. पहाटे साडेपाचला घंटा, सहाला वॉर्डात, दुपारी वर्ग, संध्याकाळी पुन्हा वॉर्ड. शेवटी विद्यापीठाची पदवी मिळायची होती. दाजीचं डोकं नेमकं इथेच अडायचं. पदवी म्हणजे बी.ए., आणि पदवीवाली बाई लोकांची शौचाची भांडी का उचलते, हे त्याला आजवर कुणी पटवून देऊ शकलं नव्हतं.

आता त्यानं सविस्तर सांगितलं. आतेला अर्धांग होऊन आठ महिने झाले. तिची डावी बाजू गेलेली. शेवंतीच्या, म्हणजे त्याच्या बायकोच्या, कमरेत दम नाही. सुशीलेला शेत आहे. घरात शिकलेलं माणूस असताना परक्यांचं करायला इतक्या लांब कशाला जायचं? शिकलीस ते काही फुकट जाणार नाही, घरातच उपयोगी पडेल. दाजीच्या बोलण्यात रागाचा लवलेश नव्हता. उलट कौतुक होतं, आणि तेच नर्मदेच्या जिव्हारी लागलं.

"दोन वर्सा तुमचा बोलणा नाय," ती म्हणाली. "मगे ह्यां ठरला कधी?"

"गेल्या गुरवारी," गंगाराम खाली बघत म्हणाला. "आतेच्या खाटेकडे."

बरोबर. दोघा भावांना एकत्र येता येईल अशी घरात तेवढीच जागा उरली होती. भिंत घातली तेव्हा माजघर कापता आलं नाही, कारण तिथे आते निजत असे. काशीबाई, दोघांच्या बापाची बहीण. सतराव्या वर्षी कपाळ पुसून माहेरी आली आणि आईवेगळ्या दोन्ही भाच्यांना वाढवून मोठं केलं. तेव्हापासून लहानथोर सगळ्यांची ती आतेच. माजघराला दोन दारं, एक थोरल्याकडे, एक धाकट्याकडे. आतेची पाळी पंधरा पंधरा दिवसांची. दर दुसऱ्या सोमवारी पाळी बदलायची, पण आते जागची हलायची नाही. तिचं ताट एवढंच करायचं. उगवतीच्या दारानं यायचं ते मावळतीच्या दारानं येऊ लागायचं.

"बरा," नर्मदा म्हणाली. "मगे आता आतेकडे कोण आसा? शेवंतीकाकी?"

दाजीनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं.

"शेवंती कशी आसतली? आते तुमच्यात आसा मा?"

चुलीवर भात रटरटत होता. मग सुशीला हळूच म्हणाली,

"आमच्यात नाय. ती तुमच्यावांगडा गेली. तिनाच माका सांगल्यान. शेवंतीन गाडी सांगल्यान हा, माका नेतली, तू गुरा घेवन फुडे हो, म्हटल्यान."

"शेवंतीक म्हटल्यान, आज सोमवार, आता धाकटी नेतली," दाजी म्हणाला.

काल सोमवार होता. गावपळणीचा दिवस आणि पाळी बदलायचा दिवस एकच आला होता. थोरल्या घरानं मानलं, आपली पाळी सरली. धाकट्या घरानं मानलं, आपली अजून लागली नाही. आणि मधल्या माजघरात डोकावून बघायचं दोन्ही दारांपैकी एकालाही सुचलं नाही. न सुचण्यातच सोय होती, हे कुणी बोललं नाही पण प्रत्येकाला कळलं. गंगारामाचा चेहरा राखेसारखा झाला.

नर्मदेला आठवलं, काल सकाळी बापाबरोबर झोपडी बांधायला निघताना तिनं आतेची कूस बदलली होती, पाठीला तेल चोळलं होतं, आईला सगळं समजावून सांगितलं होतं. संध्याकाळी विचारलं तेव्हा आई म्हणाली, ती दाजीकडे गेली. आणि खोटं कशाला बोलायचं, नर्मदेला तेव्हा बरं वाटलं होतं. एक रात्र पुरती झोप मिळेल, असं मनात आलं होतं. ती अख्खी रात्र गाढ झोपली होती.

ती चपला शोधू लागली.

दाजी उठला. शीव मोडायची नाही, तो म्हणाला. मानकऱ्यांना विचारायला हवं, गुरवाला विचारायला हवं. गावावर काही आलं तर बोल आपल्या घरावर येईल. सांजवेपर्यंत आपण स्वतः सगळ्यांना विचारून येतो.

"सांजवेपर्यंत ती ऱ्हवली तर विचारा," नर्मदा म्हणाली आणि निघाली.

शिवेवरच्या धोंड्याला नारळ ठेवलेला होता. तिनं त्याला हात जोडले आणि पलीकडे गेली. भीती वाटली नाही असं नाही. जन्मल्यापासून मनात मुरलेली गोष्ट दोन वर्षांच्या शिक्षणानं जात नसते. पाणंदीत कोंबडा नाही, कुत्रं नाही, कुणाची खोकल्याची उबळ नाही. तिचीच पावलं तिला मागून ऐकू येत होती. शेजारच्या बाबलीच्या खळ्यात ठेवलेलं कोहाळं तसंच पडलेलं होतं. ती पळत सुटली.

बाहेरची कडी काढून ती आत शिरली तेव्हा आधी वास आला. वासाला ती बिचकली नाही. वॉर्डात रोजच असायचा तो. बिचकली ती मुंग्यांना. खाटेच्या पायावरून चढलेली रांग गोधडीत शिरत होती. पाण्याचा तांब्या आतेच्या डाव्या अंगाला होता, गेलेल्या हाताकडे, आणि तो भरलेला होता. चोवीस तास म्हातारी भरल्या तांब्याशेजारी तहानलेली पडून होती.

"आते."

म्हातारीनं डोळे उघडले. ओठ फुटलेले होते. नर्मदेला वाटलं, आता रडेल.

"कित्याक इलंस गो?" आते म्हणाली. तिचं बोलणं वाकड्या तोंडातून जड येई, पण शब्द स्वच्छ होते. आणि आवाजात चक्क राग होता.

नर्मदेनं तांब्या उचलला. आधी काम. मान उंच करून, तोंड चांगल्या बाजूला वळवून चमच्या चमच्यानं पाणी पाजलं. आडावरून कळशी आणली. मुंग्या झाडल्या. लुगडं सोडवलं, पुसून काढलं. कमरेच्या हाडावर रुपयाएवढी जागा लाल होऊन सोलवटली होती, टाचेवरही. आठ महिने झाले, एवढी कधी फुटली नव्हती. एका दिवसात फुटली.

तिचे हात चालू होते आणि आते छताकडे बघत बोलत होती.

"गुरवारी दोघेय बसले. एक हय, एक थय. म्हातारेक काय कळता, म्हणान माझ्या अंगावरसून बोलले. तेव्हाच माका उमगला. मी मेलंय काय तू सुटलंस." तिनं घोट गिळला. "आजून एक रात गेली असती. माजा काम झाला असता."

नर्मदेच्या हातातला ओला फडका तसाच राहिला.

म्हणजे चूक नव्हतीच. दोन जावांना दोन गोष्टी सांगून, दोन्ही दारं दोघींकडूनच लावून घेऊन आते मागे राहिली होती. दोघींनी तिचं म्हणणं लगेच खरं मानलं. म्हातारीनं आपल्या सुनांना पुरतं ओळखलं होतं.

पहिल्या वर्षी मेट्रनबाईंनी एक विचित्र धडा दिला होता. प्रत्येक मुलीनं एक अख्खा दिवस खाटेवर पेशंट होऊन पडायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही. दुसऱ्या मुलीनं भरवायचं, पुसायचं, वळवायचं. मुली खिदळल्या होत्या. दुपारपर्यंत हसू गेलं. नर्मदेला त्या दिवशी सगळ्यात जास्त कशानं रडू आलं असेल तर मैत्रिणी तिच्या अंगावरून आपापसात गप्पा मारत होत्या त्यानं. ती तिथे आहे हेच त्या विसरून गेल्या होत्या. आते आठ महिने तशी पडून ऐकत होती.

नर्मदेला आतेचा राग आला. इतका की दात आवळले गेले.

"तुका असा मारून मी थय जावन काय शिकतलंय, आते?"

आतेनं मान वळवली. तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं, मग डाव्याही. मग म्हणाली, "तान लागली हा. आजून घाल." नर्मदेनं पाणी पाजलं.

अंग कोरडं झालं, पण पाठीखालची ओली गोधडी काढायची तर म्हातारीला उचलायला हवं होतं आणि जखमेवरून ओढायचं नव्हतं. एकटीचं काम नव्हे ते. ती तशीच उभी होती, आणि उगवतीच्या दारात सावली पडली.

दाजी होता. पायांना चिखल, धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. खाडीच्या बाजूनं आडवाटेनं आला असावा, कुणी बघू नये म्हणून. शीव ओलांडून आला होता, पण माजघराचा उंबरा त्याला ओलांडवेना. पाळी सांभाळायच्या बायका. तो आजवर या खाटेच्या उशाशी बसून बोलला होता, पायथ्याचं काही त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"दाजी, भितर येवा. माका एकटेक जमणा नाय."

तो आला. हात कुठे घालावे ते कळेना म्हणून दोन्ही हात पुढे धरून उभा राहिला. आतेनं त्याच्याकडे पाहिलं.

"लाजतंस कित्याक?" ती म्हणाली. "तुजा कोणी धुतल्यान?"

नर्मदेनं नऊवारीची घडी करून आतेच्या पाठीखाली सरकवली, दोन टोकं दाजीच्या मुठीत दिली, दोन आपण धरली. मी मोजते तेव्हा उचलायचं, ओढायचं नाही, गुडघे वाकवायचे, पाठ नाही. एक, दोन, तीन. आते वर उचलली गेली, नर्मदेनं पायानं ओली गोधडी ओढून काढली. दाजीला ती जखम दिसली. त्यानं आतेला सावकाश खाली ठेवलं, पडवीत गेला, तिथे खांबाला धरून उभा राहिला आणि कोरड्या ओकाऱ्या काढल्या. नर्मदा मागोमाग गेली.

"ती चुकान ऱ्हवाक नाय, दाजी," ती म्हणाली. "आपणच ऱ्हवली. गुरवारी तुमी दोघा बोललास ता सगळा तिना आयकल्यान. आपण मेलंय काय चेडू सुटला, म्हणान दोगींकाय खोटा सांगल्यान."

दाजी वळला. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त असं उतरताना नर्मदेनं वॉर्डातही पाहिलं नव्हतं. अंगणातल्या फणसाकडे बघत राहिला. मग खिशातून घड्याळ काढलं.

"किती तासांन कूस बदलूची आसता?"

"दोन."

"राती पण?"

"राती पण."

त्यानं घड्याळाला चावी दिली.

आतेला दोघांनी त्याच लुगड्यात घालून खाटेसकट शिवेपर्यंत आणलं, थांबत थांबत. शिवेवर गंगाराम बैलगाडी जोडून उभा होता आणि त्याच्या मागे अर्धा गाव. कुणी ओरडलं नाही. सगळे नुसते बघत राहिले, कारण मानकरी दाजी स्वतः गावातून बाहेर येत होता आणि त्याच्या खांद्यावर खाट होती.

पुढे मानकरी बसले. दाजीनं शिक्षा होऊ द्या म्हणून आपणहून सांगितलं. नर्मदेचं नाव त्यानं घेऊ दिलं नाही, मी गेलो आणि मीच तिला नेली, एवढंच धरून बसला. एक कोंबडा, पाच नारळ, आणि वर्षभर पालखीला खांदा देण्याचा मान बंद. चौथ्या दिवशी देवाला विचारलं तेव्हा पहिल्याच वेळी उजवा कौल झाला. काहींच्या मते देवानं पोटात घातलं. गुरव मात्र एवढंच म्हणाला, की देवाला घर रिकामं हवं होतं, ते झालं.

त्या उरलेल्या दोन रात्री आते गंगारामाच्या झोपडीत होती, आणि शेवंतीही खाडी ओलांडून तिथेच येऊन राहिली. जखम पाहून ती आधी रडली, मग सुशीलेला बोलली, मग स्वतःला. नर्मदेनं कुणाची समजूत काढली नाही. तिला अजून आईशी धड बोलता येत नव्हतं. तिनं नुसतं शिकवलं. चादर ताणायची कशी, टाच अधांतरी ठेवायची कशी, घास गिळल्याशिवाय दुसरा द्यायचा नाही. दोघी जावा एकमेकींच्या हातावर हात ठेवून उचलायला शिकल्या. सहीचं कुणीच बोललं नाही. नर्मदेनं विचारलं नाही, कारण उत्तराची तिला भीती वाटत होती. गावात परतल्यावर तिनं पेटी भरली तीसुद्धा, निदान कॉलेजात राहिलेले कपडे तरी घेऊन येऊ, अशा मनानं.

शनिवारी दुपारी दोनच्या गाडीला तिला पोचवायला आईबाप कट्ट्याच्या एसटी थांब्यापर्यंत आले. गंगारामानं पेटी टपावर चढवली. सुशीलेनं खोबऱ्याच्या वड्यांचा डबा मांडीवर दिला आणि खिडकीचा गज धरून उभी राहिली. नर्मदेनं तिच्या बोटांवर हात ठेवला. एवढंच झालं, पण झालं. रस्त्याकडे नर्मदेचं लक्ष पुन्हा पुन्हा जात होतं. दाजी आला नव्हता. तिला वाटलं, देवापुढे वाकला, माझ्यापुढे नाही वाकला.

कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा गंगारामाला एकदम आठवल्यासारखं झालं. त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला कागद काढून खिडकीतून आत दिला. दाजीनं दिलाय, म्हणाला, विसरणार होतो बघ.

फॉर्म होता. तिच्या पेटीतून कधी काढला कोण जाणे. पालकाच्या जागी दाजीची सही होती, आगबोटीच्या वहीत करायचा तशी, मोठी आणि उजवीकडे उतरलेली. तिच्या शेजारी खोबरेल तेलानं माखलेल्या त्याच्याच अंगठ्याचा डाग कागदात पार आरपार गेला होता.

"दाजी खंय आसत?" तिनं विचारलं.

गाडी हलली होती. गंगाराम खिडकीबरोबर चार पावलं चालला.

"घराकडे," तो म्हणाला. "दोन वाजले मा."